तक्रार मागे का घेत नाही, असे तुम्ही विचारलेत म्हणून

कुणाचा दाखला अडला, कुणाचे रेशनकार्ड विभक्त होईना, की अर्ज लिहून घ्यायला माणसे माझ्याकडे येतात, आणि काम झाले की तीच माणसे विचारतात, "आता मिळाले ना, मग तक्रार मागे घ्यायला तुमचे काय जाते?" इतकी वर्षे मी या प्रश्नाला तुटक उत्तरे देत आलो.

वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आईचे आणि आम्हा भावांचे नाव लागावे म्हणून वारस नोंदीचा अर्ज दिला होता. हरकत घेणारे कोणीच नव्हते. चार महिने अर्ज जागचा हलला नाही, तेव्हा मी राज्य सरकारच्या 'आपले सरकार' या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली, आणि आठवड्याभरात कार्यालयातून निरोप आला तो माझ्यासाठी नव्हे, आईसाठी. तिथल्या कर्मचाऱ्याने तिला बाकावर बसवले, पाणी दिले आणि दहा माणसांसमोर म्हणाला, "आजी, तुमचे काम होणारच होते, पण मुलाने वर लिहून आम्हाला खाली पाहायला लावले. दोन ओळी लिहून द्या आणि परवा उतारा घेऊन जा." आई कुणाकडे पाहीना. पदराचे टोक बोटाला गुंडाळत ती मला एवढेच म्हणाली, "तुझ्या वडिलांनी कधी कुणाशी वाकडे घेतले नाही. दे लिहून." टेबलाला सुतळीने बांधलेले पेन होते. "माझे पूर्ण समाधान झाले असून माझी कोणतीही तक्रार राहिलेली नाही," हे शब्द त्याने सांगितले आणि मी माझ्या अक्षरात लिहिले. त्या कागदाची पोचसुद्धा मी मागितली नाही.

तो 'परवा' सात महिन्यांनी उजाडला. मधल्या हंगामात आईच्या नावाचा उतारा नाही म्हणून सोसायटीचे पीककर्ज मिळाले नाही आणि तिच्या पाटल्या गहाण पडल्या. दुसऱ्यांदा तक्रार केली तेव्हा उत्तर आले, की तक्रारदाराचे समाधान झाल्याने प्रकरण यापूर्वीच निकाली काढण्यात आले आहे. माझेच वाक्य माझ्यासमोर ठेवले गेले.

तो माणूस दुष्ट होता असे मी म्हणणार नाही. तलाठ्याकडे तेव्हा तीन गावांचा कारभार होता आणि टेबलावरचा कागदांचा ढीग मी पाहिला होता. पण ढीग आहे म्हणून विलंब झाला, हे त्याने वरिष्ठांना लेखी कळवायला हवे होते. माझ्या आईला तिथे बसवायला नको होते.

म्हणून आता अर्ज दोन प्रतींत देतो आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलत नाही. सेवा 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अधिसूचित, म्हणजे मुदत ठरवून जाहीर केलेली असेल, तर मुदत टळल्यावर 30 दिवसांत प्रथम अपील, मग द्वितीय अपील आणि त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोग. नसेल तर माहिती अधिकाराच्या अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, माझा कागद कोणत्या तारखेपासून कोणाच्या टेबलावर होता एवढेच विचारतो, कारण 2005 च्या दप्तर दिरंगाईच्या कायद्याने फाईल एका टेबलावर कामाचे 7 दिवसच थांबू शकते. लोकसेवा हक्काच्या कायद्यात सबळ कारणाशिवाय सेवा रखडवणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंडाची तरतूद आहे. पण दाखला हातात पडताच अपीलच मागे घेतले, तर विलंब का झाला हे विचारायचे कोणी?

त्या दिवशी पेन हातात घेणारा मी अजून माझ्याशी भांडतो. तो म्हणतो, आईची मान खाली गेलेली पाहूनही तू कायदा सांगत बसला असतास का? याचे उत्तर मला आजही देता आलेले नाही.

गेल्या महिन्यात शेजारच्या वहिनींच्या मुलीचा दाखला अपिलानंतर आला आणि त्या मागे घेण्याचे पत्र लिहून मागायला आल्या. मी लिहिले, "दाखला मिळाला, विलंबाबाबत निर्णय व्हावा." त्यांनी ते दोनदा वाचले. "भाऊ, धाकटीच्या दाखल्याला पुढच्या वर्षी तिथेच जायचे आहे," असे म्हणून त्या सही न करता उठल्या. तो कागद अजून माझ्याकडेच आहे.