मॉन्स्टेराची खुंटलेली वाढ: आषाढ ते माघ या काळातील नोंदी

माझ्या पुण्यातील घरात असलेल्या मॉन्स्टेरा डेलिसिओसा या मोठ्या, चिरलेल्या पानांच्या शोभेच्या वेलीची वाढ गेल्या उन्हाळ्यात जवळजवळ थांबली होती. येणारे प्रत्येक नवे पान आधीच्यापेक्षा लहान, हृदयाकृती आणि अखंड, म्हणजे चिरा वा छिद्रे नसलेले होते. दोन पेरांमधील अंतर वाढत चालले होते आणि देठ लांब व बारीक झाले होते. जुनी पाने मात्र गर्द हिरवी होती, आणि निदानाच्या दृष्टीने मला हीच नोंद सर्वांत मोलाची वाटते. नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडले की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या वाढीकडे वळवते, त्यामुळे पिवळेपणा खालच्या पानांपासून सुरू होतो. येथे तसे काही दिसत नसल्याने ‘खत वाढवा’ हा नेहमीचा सल्ला मी बाजूला ठेवला. पानांची मागील बाजू भिंगातून तपासली असता फुलकिडे, लाल कोळी किंवा पिठ्या ढेकूण यांपैकी काहीही आढळले नाही.

लांबलेली पेरे आणि अखंड पाने यांवरून पहिला संशय उजेडाचा होता. कुंडी उत्तरेकडील खिडकीपासून साधारण दोन मीटर आत होती आणि आषाढातील ढगाळ दुपारी मोबाइलच्या लक्समापकावर (उजेड मोजणाऱ्या ॲपवर) तेथे ३०० ते ४०० लक्स एवढाच उजेड दिसला. हे मापन काटेकोर नसते, परंतु घरातील दोन जागांची तुलना करण्यास ते पुरते. डोळ्यांवर विसंबू नये, कारण ते मंद उजेडालाही चटकन सरावतात. दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या जंगलांत ही वेल झाडांच्या खोडांना धरून उजेडाकडे चढत जाते. ती कमी उजेडात तग धरते, एवढ्यावरून तेथे ती वाढेलच असे समजू नये.

खिडकी निवडताना आपल्या अक्षांशाचा विचार करावा, असे मी आग्रहाने सांगेन. युरोप-अमेरिकेतील मार्गदर्शनात दक्षिणेकडील खिडकी वर्षभर प्रखर मानली जाते, परंतु पुणे साधारण १८.५ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो आणि त्या काळात दक्षिणेच्या खिडकीत दुपारचे ऊन येतच नाही. ऑगस्टपासून सूर्य दक्षिणेकडे सरकतो आणि डिसेंबरात ऊन खोलीत दूरवर पोहोचते. म्हणून श्रावणात मी कुंडी दक्षिणेच्या खिडकीशी आणली आणि पुढे ऊन वाढल्यावर मध्ये पातळ पांढरा पडदा लावला. ढग नसताना तेथे दुपारी ७,००० ते ८,००० लक्स मिळू लागले.

त्याच वेळी मुळे हाताळली नाहीत, कारण दोन बदल एकत्र केले तर कोणत्या बदलाचा परिणाम झाला हे कळत नाही. पुढचे पान किंचित मोठे आणि एका चिरेचे आले, तरी त्याची सुरळी फार रेंगाळून उलगडली; त्यामुळे भाद्रपदात कुंडी रिकामी केली. मधोमध नर्सरीतील चिकट लाल मातीचा मूळ गोळा तसाच होता, आणि त्याभोवतीच्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) मोजकीच मुळे शिरली होती. असा गोळा आतून दिवसेंदिवस ओला राहतो, बाहेरचे कोकोपीट मात्र सुकलेले दिसते, आणि वरवर बोट घालून पाणी द्यायचे ठरवले तर आतल्या मुळांना हवा मिळत नाही. आतील काही मुळे तपकिरी व मऊ झाली होती. ती निर्जंतुक कात्रीने कापली, उरलेली माती साध्या पाण्यात भिजवून हळूहळू सोडवली आणि कोकोपीट, पाइनच्या सालीचे तुकडे व परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) समप्रमाणात घेऊन त्यात थोडे गांडूळखत मिसळले. मुळे कमी झाली असल्याने कुंडी मोठी केली नाही. त्याच वेळी काथ्याचा आधार रोवून खोड त्याला सैल बांधले. हवाई मुळांना पकड मिळाली की या वेलीची पाने मोठी होत जातात.

दिवाळीच्या सुमारास आलेल्या पानाला दोन्ही बाजूंनी चिरा होत्या, आणि त्यानंतरचे पान त्याहून रुंद निघाले. पौषात वाढ पुन्हा थांबली, परंतु किमान तापमान १० ते १२ अंशांवर उतरले असताना हे अपेक्षितच होते. त्या काळात खत बंद ठेवले आणि पाणीही कमी केले.

माघातील ताज्या पानावर शिरा हिरव्या आणि मधला भाग फिकट दिसतो आहे. लोह झाडात सहजपणे हलत नाही, म्हणून त्याची उणीव नव्या पानावर दिसते. कुंडीच्या कडेवरील पांढरा थर पाहता आमच्या बोअरवेलच्या जड पाण्यामुळे मिश्रणाचा सामू (pH) वाढला असावा आणि लोह असूनही मुळांना ते घेता येत नसावे, असा माझा कयास आहे. सध्या गाळलेल्या आरओच्या पाण्याने मिश्रण धुऊन काढत आहे. पुढील पानही तसेच आले तर चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना सहज घेता येईल अशा रूपातील लोह, अल्प प्रमाणात देईन. १९:१९:१९ हे नत्र, स्फुरद व पालाश समप्रमाणात असलेले खत पाव मात्रेत फाल्गुनापासून सुरू करणार आहे. त्यात कॅल्शियम नसल्यामुळे कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या दिवशी देईन, कारण दोन्हींची दाट द्रावणे एकत्र केल्यास फॉस्फेटचा साका तळाशी बसतो. चैत्रात दुपारच्या झळा सुरू झाल्या की कुंडी पूर्वेच्या खिडकीत हलवायची आहे.