आमची वाटचाल : उधारीची वही आणि तरंगणारे अंडे

मेलबर्नच्या रिचमंड उपनगरातील आमचे किराणा दुकान माझ्या सासऱ्यांनी 1961 मध्ये सुरू केले आणि गेली 19 वर्षे त्याचा कारभार मी पाहते. माझे माहेर पुण्याचे, शिक्षण हिशेबतपासणीचे आणि सासर ग्रीक. त्यामुळे या घराचा इतिहास मला गोष्टींपेक्षा वह्यांतूनच अधिक समजला.

सासरे दक्षिण ग्रीसमधील कालामाताजवळच्या एका खेड्यातले. आधी 1941 ते 1944 ही परकीय ताब्याची वर्षे आणि मग 1949 पर्यंत चाललेले यादवी युद्ध, यांतून गाव बाहेर पडले तेव्हा पाच भावंडांच्या वाट्याला ऑलिव्हची मोजकी झाडे उरली होती. ग्रीस आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात 1952 मध्ये झालेल्या करारानुसार प्रवासखर्चाला मदत मिळे आणि त्या बदल्यात दोन वर्षे सरकार सांगेल ते काम करावे लागे. याच सोयीने सासरे 1955 मध्ये मेलबर्नच्या स्टेशन पिअर धक्क्यावर उतरले, आगगाडीने बोनेगिलाच्या स्थलांतरितांच्या छावणीत गेले आणि तिथून शेपार्टनच्या फळबागांत तोडणीला लागले. करार संपल्यावर रिचमंडमधील एक कारखाना आणि एका खोलीत चौघे, असा त्यांचा संसार होता.

सासूबाई 1957 मध्ये ‘बेगोना’ जहाजाने आल्या. लग्नासाठी निघालेल्या सुमारे 900 ग्रीक मुली त्या एकाच फेरीत होत्या. सासूबाईंच्या हातातील स्थळाच्या फोटोत सासरे ज्या कोटात उभे आहेत, तो त्या चौघांनी फोटोंसाठी वर्गणी काढून घेतलेला होता, हे त्यांना लग्नानंतर कळले.

त्या काळी ऑलिव्ह तेल येथे औषधांच्या दुकानात लहान बाटलीत मिळे. कानात घालण्यासाठी, स्वयंपाकासाठी नव्हे. आमच्या धंद्याचे मूळ या गैरसोयीत आहे. सासऱ्यांनी तेलाचे डबे मागवायला सुरुवात केली आणि घराच्या मागच्या पडवीत पिंपांमध्ये ऑलिव्ह मुरवू लागले.

उधारीची वही मात्र मला सुरुवातीला वाचताच येईना. तिच्यात मालापेक्षा माणसांच्या नोंदी अधिक होत्या. मागे राहिलेल्या भावाबहिणीला बोलावून घेण्याच्या हमीपत्राला ग्रीक लोक ‘प्रोस्क्लिसी’ म्हणतात, आणि त्यासोबत लागणारे जहाजाचे भाडे दुकानातून उसने दिले जाई. व्याजाचा रकाना नाही, तारीख नाही. परतफेडीची मुदत म्हणून ‘संत जॉर्ज’ किंवा ‘संत दिमित्री’ एवढेच लिहिलेले. हे सण 23 एप्रिल आणि 26 ऑक्टोबरला येतात आणि ग्रामीण ग्रीसमध्ये भाडेपट्टे व चाकरीचे करार यांच्यावरच बांधलेले असत, हे समजल्यावर मला पाडव्याला खाते बदलणारे आमचे आजोबा आठवले आणि वही एका बैठकीत वाचून झाली. 14 फेब्रुवारी 1966 रोजी पौंड जाऊन डॉलर आला, तेव्हा सासऱ्यांनी प्रत्येक येणे एकास दोन या दराने नव्याने लिहून काढले. तीन पाने त्यांनी तशीच पौंडांत सोडली आहेत. ती माणसे आली खरी, पण कामाच्या शोधात दूर निघून गेली, आणि त्यांच्याकडे मागणे सासऱ्यांना प्रशस्त वाटले नाही. माझ्या शिस्तीत ही बुडीत रक्कम ठरते. तरीही ती मी खोडलेली नाही.

आज तेल कंटेनरने येते, ऑलिव्ह मात्र आम्ही स्वतःच मुरवतो. मरी नदीकाठच्या रॉबिनव्हेलकडून कच्ची फळे येतात, त्यांना चिरा देऊन रोज पाणी बदलत कडवटपणा काढला जातो, मग ती मिठाच्या पाण्यात जातात. मीठ पुरेसे झाल्याची खूण म्हणजे ताजे अंडे तरंगून त्याचा नाण्याएवढा भाग वर दिसणे. मी क्षार मोजण्याचे उपकरण आणले आहे. सासूबाई त्यावरचा आकडा मला मोठ्याने वाचायला लावतात, मान डोलावतात आणि मग पिंपात अंडे सोडतात.