पाहुण्या अभ्यासकांशी चर्चा : झाडीपट्टीतल्या एका गटाची पद्धत

संस्कृती-अभ्यास शिकणाऱ्यांसाठी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीसारखी जागा नाही. दंडार (इथलं जुनं लोकनाट्य), मंडई (दिवाळीनंतरची गावजत्रा), नाटक, शंकरपट (बैलांच्या शर्यती), भीमगीतांचे कार्यक्रम, सगळं हाताच्या अंतरावर. अभ्यासक मात्र बाहेरून यावे लागतात. ते येतात, तास-दीड तास बोलतात आणि नागपूरच्या गाडीची वेळ झाली की निघतात. तेवढ्यात त्यांच्या विचाराला भिडायचं तर तयारी पंधरा दिवस आधीपासून लागते. आमच्या एम.ए. आणि पीएच.डी.च्या गटात ती कशी करतो ते लिहिते आहे. तालुक्याच्या कुठल्याही महाविद्यालयात ती जमेल.

पाहुण्यांचं नाव ठरलं की विभागप्रमुखांकडून व्याख्यानाचा नेमका विषय लिहून घ्यायचा आणि त्या विषयावरचा त्यांचा एकच लेख मिळवायचा. पुस्तकाच्या मागे लागलं की कुणाचंच वाचून होत नाही. लेख मोबाइलवर वाचू नये. झेरॉक्सच्या दुकानातून एका बाजूने प्रिंट काढावी, कोऱ्या बाजूवर मराठीत टिपणं होतात. लेख पंचवीस पानांचा असेल तर पहिली तीन आणि शेवटची दोन पानं सगळ्यांनी वाचायची, मधली वाटून घ्यायची. मग प्रत्येकाने एका पानावर चार गोष्टी लिहायच्या: लेखकाचा प्रश्न काय, तो कुणाचं म्हणणं खोडतो आहे, पुरावा कुठला देतो आणि कुठल्या संकल्पनेवर सगळा डोलारा उभा आहे.

यातली दुसरी गोष्ट सर्वांत अवघड आणि सर्वांत कामाची. प्रत्येक लेख आधीच्या कुणाला तरी दिलेलं उत्तर असतो. ते ‘कुणाला’ कळलं नाही तर व्याख्यान अंतिम सत्यासारखं ऐकू येतं आणि विद्यार्थी नुसतं उतरवून घेतात. याचा उत्तम नमुना आम्ही प्रत्येक नव्या बॅचला आधी वाचायला देतो: कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी वाचलेला जातिसंस्थेवरचा निबंध. बाबासाहेब तेव्हा विद्यार्थी होते. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर या आधीच्या अभ्यासकांच्या जातीच्या व्याख्या ते एकेक करून समोर ठेवतात. सेनार यांनी विटाळाच्या कल्पनेवर भर दिला होता. विटाळ हे जातीचं मूळ लक्षण नाही, असं बाबासाहेब दाखवतात. केतकरांची दोन लक्षणं, जातीबाहेर लग्नाला बंदी आणि जन्मानेच सभासदत्व, ही एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत असं दाखवून देतात आणि जातीतल्या जातीत लग्न या एका मुद्द्यावर स्वतःची मांडणी उभी करतात. मोठ्या अभ्यासकाचं म्हणणं मान देऊन कसं घ्यावं आणि त्यातलं काय सोडावं, हे त्या थोड्या पानांत जसं दिसतं तसं कुठल्याही संशोधन-पद्धतीच्या पेपरात दिसत नाही. ‘आम्ही खेड्यातले विद्यार्थी, आम्ही काय विचारणार’ असं म्हणणाऱ्यांना तर तो आधी द्यावा.

पुढचं काम स्वतःचं उदाहरण निवडण्याचं. इथे दोन प्रकारे बिघडतं. काही जण संकल्पना घेऊन आपल्या सामग्रीवर शिक्का मारतात. काही जण ‘आमच्याकडे असं नसतं’ म्हणून मोकळे होतात. दोन्हीने बोलणं तिथंच संपतं. उदाहरण असं घ्यावं की संकल्पना त्यावर अर्धी बसते आणि अर्धी अडते.

ब्रिटिश संस्कृती-अभ्यासक रेमंड विल्यम्स यांनी १९७७ सालच्या ‘मार्क्सिझम अँड लिटरेचर’ या पुस्तकात मांडलेली प्रभावी, अवशिष्ट आणि उदयोन्मुख संस्कृतीची विभागणी घ्या. पाहुण्यांच्या बोलण्यात ती हमखास येते. पुष्कळ विद्यार्थी अवशिष्ट म्हणजे जुनं, मरायला टेकलेलं असं धरतात आणि दंडारीला ते नाव देऊन टाकतात. विल्यम्स यांचं म्हणणं वेगळं आहे. जे भूतकाळात घडलं पण आजही जिवंतपणे काम करतं ते अवशिष्ट. जे निव्वळ भूतकाळाचं म्हणून ओळखलं जातं ते पुरातन. आता झाडीपट्टीचं नाटक बघा. दंडारीशी त्याचं नातं आहे, पण गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात नाटक कंपन्यांची बुकिंग ऑफिसं आहेत, तिकीट आहे, दिवाळीनंतर धान घरात आलं की सुरू होऊन होळीपर्यंत चालणारा हंगाम आहे. दंडारीत बायांची पात्रं पुरुष करत आले, नाटकात नट्या असतात. बैलांच्या शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली आणि डिसेंबर २०२१ मध्ये राज्यात अटींवर परवानगी मिळाली. मधल्या काळात शंकरपटाच्या निमित्ताने होणाऱ्या नाटकांचं काय झालं, हा प्रश्न तीनपैकी कुठल्याच खणात सरळ बसत नाही. असा प्रश्न हाती लागला की तयारी झाली समजावं.

पुरावाही हातात हवा. नाटकाचं पत्रक हा आमच्याकडचा सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित दस्तऐवज आहे. मंडई की शंकरपट हे निमित्त, आयोजक मंडळ, कंपनी, कलावंतांची नावं, ऑर्गन-तबला-ऑक्टोपॅड वाजवणारे, तिकिटाचे दर, एवढं एका कागदावर मिळतं. मागे पेन्सिलीने गाव, तारीख आणि कुणाकडून मिळालं ते लिहायचं. वर्ष बहुधा छापलेलं नसतं, म्हणून त्याच दिवशी लिहावं.

प्रश्न लिहूनच न्यावा आणि दीड मिनिटात वाचून व्हावा. आधी ‘तुमचं म्हणणं मला असं समजलं’, मग आपलं उदाहरण, मग एकच प्रश्न. पहिलं वाक्य गाळलं तर पाहुणे भलत्याच गोष्टीचं उत्तर देतात. इंग्रजीची भीती असेल तर मराठीत विचारावं आणि शेजारच्याने इंग्रजी किंवा हिंदी करून सांगावं. कोण सांगणार ते आदल्या दिवशी ठरवून, त्याला कागद देऊन ठेवावा. ऐन वेळी केलेल्या अनुवादात उदाहरण गळतं आणि नुसता प्रश्न उरतो. गटाचे प्रश्न दोन पानांत तीन दिवस आधी मेलवर पाठवले तर बहुतेक पाहुणे ते वाचून येतात आणि त्यांचं बोलणंही बदलतं.

कार्यक्रमाच्या दिवशी दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, परिचय यांत पाऊण तास जातो आणि कात्री प्रश्नोत्तरांना लागते. ते टाळायला भांडू नये. जेवणानंतर ग्रंथालयात वेगळी बैठक मागून घ्यावी: पंधरापेक्षा जास्त माणसं नकोत, खुर्च्या गोल, माइक नाही, पहिले तीन प्रश्न विद्यार्थ्यांचे. शेवटची अट प्राध्यापकांशी आधीच बोलून घ्यावी. लाइट जाते, म्हणून लेखातले महत्त्वाचे उतारे छापून वाटावेत. रेकॉर्डिंग करायचं तर विचारूनच.

पाहुण्यांना गावात जायचं असतं, तेव्हा जपावं. त्यांच्यासाठी भर दुपारी दंडार उभी करू नये. प्रेक्षक, रात्र आणि निमित्त काढून घेतलं की उरतं ते प्रात्यक्षिक, आणि लेखात मात्र ते दंडार म्हणून जातं. बोलायलाच बसायचं असेल तर धानाच्या कापणी-मळणीचे दिवस सोडावेत, मानधन आधी ठरवावं आणि कलावंतांचं नाव छापायचं की नाही ते त्यांनाच विचारावं. बरोबरच्या विद्यार्थ्याने नुसतं दुभाष्याचं काम करू नये. आपणही संशोधक आहोत, ही माहिती आपल्याही प्रबंधात येणार आहे, हे निघण्याआधी स्पष्ट सांगावं. कुणाचं काय आणि श्रेय कसं द्यायचं, हे मेलवर लिहून ठेवलेलं बरं.

टिपणं त्याच रात्री पूर्ण करावीत. डाव्या बाजूला पाहुणे काय म्हणाले, उजव्या बाजूला आपली सामग्री कुठे जुळते, कुठे अडते. आठवड्याभरात हजार शब्दांचं टिपण करून त्यांना पाठवावं. तोंडी बोललेलं वाक्य प्रबंधात घ्यायचं तर त्यांच्याकडून तपासून घेऊनच, आणि संदर्भात नाव, व्याख्यानाचं शीर्षक, ठिकाण, तारीख आणि ‘अप्रकाशित व्याख्यान’ असं लिहावं. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण द्यावी. तरी आलं नाही तर ते वाक्य सोडून द्यावं आणि त्यांच्या छापील लेखातलं घ्यावं.