चेखव यांच्या कथेतला सामोवार

रशियन साहित्याचा विषय निघाला की आपल्याकडे बहुधा पाप, प्रायश्चित्त, ईश्वर आणि आत्मा यांविषयी बोलले जाते. त्यात वावगे काही नाही. पण एकोणिसाव्या शतकातील रशियन लेखक पिढ्यान्‌पिढ्या ज्या प्रश्नाशी झगडत राहिले, तो प्रश्न जमिनीचा आणि ती कसणाऱ्या माणसाचा होता. त्या प्रश्नाला सर्वांत प्रामाणिकपणे सामोरे जाणारे लेखन म्हणजे अंतोन चेखव यांची १८९७ साली प्रसिद्ध झालेली ‘शेतकरी’ ही दीर्घकथा, असे माझे मत आहे आणि नाशिक जिल्ह्यातील वाचकाने ती आवर्जून वाचावी असे मला मनापासून वाटते.

थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. १८६१ पर्यंत रशियातील कोट्यवधी शेतकरी भूदास होते. जमीनदार त्यांना जमिनीसह किंवा जमिनीवाचूनही विकू शकत असे. त्या वर्षी झार दुसरा अलेक्झांडर याने भूदासपद्धती रद्द केली खरी, परंतु मिळालेल्या जमिनीची किंमत शेतकऱ्यांनी सरकारला ४९ वर्षांच्या हप्त्यांनी फेडावी, अशी अट घातली. स्वातंत्र्य मिळाले ते असे थकबाकीसकट मिळाले. खुद्द चेखव यांचे आजोबा भूदास होते आणि १८४१ साली पैसे भरून त्यांनी स्वतःची व कुटुंबाची सुटका करून घेतली. आमच्या नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे. म्हणजे ते सुरू झाले तेव्हा हा गृहस्थ अजून दुसऱ्याच्या मालकीचा होता, हे लक्षात आले की तो काळ एकदम जवळ येतो.

चेखव यांच्या आधीच्या लेखकांनी शेतकऱ्याविषयी लिहिले नव्हते असे मुळीच नाही. तुर्गेनेव्ह यांच्या १८५२ साली पुस्तकरूपाने आलेल्या शिकारकथांनी भूदासाला मन असते, विनोद असतो, प्रतिष्ठा असते हे सुशिक्षित वर्गाला दाखवून दिले. टॉल्स्टॉय यांनी यास्नाया पोल्याना या आपल्या जहागिरीत शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली आणि पुढे पुढे त्यांना शेतकऱ्याच्या श्रमातच जीवनाचे सत्य दिसू लागले. १८७४ च्या उन्हाळ्यात तर हजारो तरुण-तरुणी शहरे सोडून खेड्यांत गेले. शेतकरी हाच नव्या समाजाचा पाया आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. या सगळ्यांत तळमळ होती, पण शेतकऱ्याकडून काहीतरी थोर मिळावे अशी अपेक्षाही होती.

चेखव यांची दृष्टी वेगळी घडली, कारण ते डॉक्टर होते. १८९२ साली मॉस्कोजवळच्या मेलिखोवो येथे त्यांनी लहानशी जमीनजायदाद घेतली आणि त्याच वर्षी कॉलऱ्याची भीती पसरली, तेव्हा २५ खेडी, चार कारखाने आणि एक मठ एवढ्या मुलखाची आरोग्यव्यवस्था विनावेतन अंगावर घेतली. पुढे त्या परिसरात त्यांनी तीन शाळा बांधल्या. १८९७ च्या जनगणनेत घरोघरी फिरून कामही केले. ज्याने माणसाची नाडी धरली आहे, तो त्याला देव्हाऱ्यात बसवत नाही आणि त्याच्याकडे तुच्छतेनेही पाहत नाही.

कथेतील निकोलाय हा मॉस्कोतील एका हॉटेलातला वेटर आहे. आजारपणामुळे काम सुटते आणि तो बायको ओल्गा व मुलगी साशा यांना घेऊन आपल्या गावी परततो. घरी दारिद्र्य आहे, दारू आहे, मारहाण आहे, आणखी तीन खाणारी तोंडे आली म्हणून धुसफूसही आहे. कथेतला सामोवाराचा, म्हणजे चहाचे पाणी उकळण्याच्या धातूच्या भांड्याचा, प्रसंग मला विलक्षण वाटतो. थकबाकीच्या वसुलीसाठी गावचा मुखिया अंतीप घरातला सामोवार जप्त करून नेतो आणि निकोलायची म्हातारी आई त्याच्यामागे ओरडत धावते. चेखव लिहितात त्याचा आशय असा, की टेबल, बाकडी, भांडी सगळे नेले असते तरी घर इतके ओकेबोके वाटले नसते. जणू घराची अब्रूच गेली. हा अंतीप स्वतःही गरीब आहे आणि स्वतःचा करही वेळेवर भरत नाही, तरी सरकारची बाजू मात्र न चुकता घेतो. या एका तपशिलात खेड्यातील सत्तेचा सगळा व्यवहार आला आहे.

माझ्या आजोळी, चांदवडकडे, सावकाराच्या देण्यापायी तांब्याचा हंडा घरातून गेल्याची हकिकत आजी सांगत असे. शेतीचे नुकसान ती हिशेबाने सांगे; हंडा कोणाकोणाच्या देखत दाराबाहेर गेला, हे मात्र नावानिशी सांगे. आपल्याकडे ‘बळीराजा’ म्हणून शेतकऱ्याची आरती ओवाळणारे लेखन पुष्कळ होते आणि त्याच्या दैन्यावर हळहळणारेही होते. परंतु घरातल्या घरात तो सुनेशी कसा वागतो आणि तरीही न्यायाचा हक्कदार कसा राहतो, हे दोन्ही एकत्र सांगण्याचे धैर्य क्वचितच दिसते. चेखव यांनी ते केले. ही माणसे उद्धट, दारुडी आणि भांडखोर आहेत हे ओल्गाला दिसते. आणि अतिश्रम, उपासमार, करांचा बोजा व वरच्यांची अरेरावी पाहता त्यांच्या जगण्यात समजून घेता येणार नाही असे काहीच नाही, हेही तिलाच उमगते.

कथा गाजली आणि वादही पेटला. सेन्सॉरने मजकुराला कात्री लावली. शेतकऱ्यावर श्रद्धा ठेवणारे टीकाकार मिखायलोव्स्की नाराज झाले, तर मार्क्सवादी स्त्रूव्ह यांनी कथेची बाजू घेतली. माझ्या मते दोघांनीही तिला आपापल्या पक्षात ओढायचा प्रयत्न केला आणि ती कोणाच्याच पक्षात बसणारी नव्हती.

ज्यांना ही कथा भावेल, त्यांनी लगोलग १९०० सालची ‘दरीत’ वाचावी. तिच्यातले खेडे शेतीवर कमी आणि कारखान्यांवर अधिक जगते. कातडी कमावण्याच्या कारखान्यामुळे तिथल्या नदीच्या पाण्याला दुर्गंधी येते. तो कारखाना कागदोपत्री बंद आहे, पण पोलीस अधिकारी आणि जिल्ह्याचा डॉक्टर यांना मालकाकडून दरमहा दहा-दहा रूबल पोहोचत असल्यामुळे प्रत्यक्षात तो चालूच राहतो. नाशिकमधील नासर्डी नदीच्या काठाने रोज जा-ये करणाऱ्या वाचकाला ती पहिली दोन पाने समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.