निदान कळवल्यानंतर बदललेले कार्यालय: माझा अनुभव

हाडे आणि सांध्यांच्या दुखण्यावर कित्येक वर्षे संधिवाताची औषधे घेतल्यानंतर, शासकीय रुग्णालयात केलेल्या हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ततपासणीत मला सिकलसेल हा लाल रक्तपेशींचा आजार असल्याचे स्पष्ट झाले. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः सातपुड्याच्या बाजूच्या तालुक्यांत, हे नाव घरोघरी ऐकलेले असते; तरीही केवळ वाहक असणे आणि प्रत्यक्ष रुग्ण असणे यांतला फरक, तसेच हा आजार जन्मतः आई-वडिलांकडून येतो आणि संसर्गाने पसरत नाही ही साधी गोष्ट, शिकलेल्या माणसांनाही ठाऊक नसते. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध सुरू झाल्यावर ठरावीक काळाने रक्ततपासणीला जावे लागणार होते, त्यामुळे मी वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून कार्यालयात आजाराचे नाव कळवले.

मी एका शासकीय कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे आणि अनुदानाच्या देयकांचे टेबल माझ्याकडे होते. लेखापरीक्षण जवळ आले असताना ते टेबल तोंडी सांगून दुसऱ्याकडे देण्यात आले आणि माझ्याकडे आवक-जावक नोंदवही आली. बैठकांचे निरोप येईनासे झाले. चहाच्या वेळी माझा पेला वेगळा ठेवला जाऊ लागला, आणि त्याचे दुःख मला टेबल गेल्याच्या दुःखापेक्षा जास्त झाले. ‘ताई, तू तुनी तब्येत सांभाय,’ असे अहिराणीतून मायेने सांगणारे सहकारी मनाने वाईट नव्हते, हे मी आजही मानते. परंतु मला काय झेपेल हे माझ्याशिवाय सर्वांनी ठरवले होते, आणि त्यातला एकही निर्णय कागदावर नव्हता. कागद नसेल तर दाद कशाविरुद्ध मागायची?

मला मर्यादा नाहीत असे मी कधीच म्हटले नाही. शरीरातले पाणी कमी झाले, अति श्रम झाले किंवा कडाक्याची थंडी बाधली, तर वेदनेचा झटका येऊ शकतो. आणि खानदेशातल्या मे महिन्यात भर दुपारी दुचाकीवरून गावोगाव फिरणे माझ्यासारखीला खरोखर धोक्याचे आहे. म्हणून कार्यालयप्रमुखांना दिलेल्या अर्जात मी मोजकेच मागितले: उन्हाळ्यातले दौरे सकाळी लवकर व्हावेत किंवा सहकाऱ्याशी बदलून मिळावेत, तपासणीच्या दिवशी रजा नाकारली जाऊ नये, आणि माझे टेबल परत मिळावे. टेबलावर बसून करायच्या कामाला मी सक्षम असल्याचे डॉक्टरांचे पत्र मी सोबत जोडले आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेसह पोच घेतली. उत्तर आले नाही, तेव्हा पहिल्या पोचेचा संदर्भ देऊन स्मरणपत्र दिले.

दरम्यान दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी असलेल्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून मी वैद्यकीय मंडळापुढे गेले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत सिकलसेलचा समावेश आहे; मात्र माझ्या प्रमाणपत्रावरचे प्रमाण ४० टक्क्यांपेक्षा कमी आले. आस्थापना शाखेने लगेच ‘कायदा तुम्हाला लागूच नाही’ असे सांगितले. येथेच बहुतेकजण माघारी फिरत असावेत, म्हणून हा मुद्दा नीट सांगते. ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. कलम २० मध्ये शासकीय आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयी द्याव्यात असे म्हटले आहे, तेथे ही अट घातलेली नाही. केवळ दिव्यांगत्वाच्या कारणावरून पदोन्नती नाकारता येणार नाही, हेही त्याच कलमात आहे. मी दोन्ही तरतुदींची छापील प्रत जोडून तिसरे पत्र दिले.

कलम २३ नुसार नेमायचा तक्रार निवारण अधिकारी कोण, हे कार्यालयात कोणीच सांगेना. तेव्हा माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांच्या शुल्कासह टाकला आणि त्या अधिकाऱ्याचे पदनाम लेखी मिळवले. तक्रार नोंदवल्यापासून दोन आठवड्यांत तिची चौकशी व्हावी असे कायदा सांगतो, आणि समाधान झाले नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते. तक्रारीच्या शेवटच्या परिच्छेदात मी या दोन्ही गोष्टी शांतपणे लिहिल्या. चौकशीत मला एकच प्रश्न महत्त्वाचा वाटत होता आणि अधिकाऱ्यांनी तोच विचारला: टेबल बदलल्याचा लेखी आदेश कुठे आहे? तो कोणालाही दाखवता आला नाही.

देयकांचे टेबल मला परत मिळाले आणि दौऱ्यांबाबतची सवलत कार्यालयीन आदेशात नमूद झाली. त्यानंतर जिल्ह्याच्या सिकलसेल कार्यक्रमातील समुपदेशक कार्यालयात येऊन माहिती देऊन गेले, तेव्हा पेल्याबद्दल मला काही बोलावे लागले नाही. मधल्या काळातल्या गोपनीय अहवालात मात्र ‘प्रकृतीमुळे कामाचा उरक कमी’ असा शेरा पडला आहे. ज्या कामाचा उरक मोजला, ते काम त्या काळात माझ्याकडे नव्हतेच. चौकशीची प्रत जोडून त्या शेऱ्याविरुद्ध अभिवेदन दिले आहे आणि त्याचा निर्णय अजून यायचा आहे.