मुलीसोबत 'टेकन' बघू का?

सिनेमावर लिहितो म्हटल्यावर हा प्रश्न ठरलेला. "मुलगी तेरा-चौदाची आहे, तिच्यासोबत 'टेकन' बघू का?" विचारणारे बहुतेक बाबाच असतात आणि बघायचं त्यांचं आधीच ठरलेलं असतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: मारामारीची काळजी असेल तर अमेरिकेत त्याला पीजी-१३ प्रमाणपत्र होतं, म्हणजे तेराखालच्या मुलांच्या पालकांना फक्त सावधगिरीचा इशारा. मुडदे भरपूर, रक्त बेताचं. माझी अडचण वेगळी आहे. एकाच सोफ्यावर बसून तुम्ही दोघं दोन वेगळे सिनेमे बघणार आहात.

गोष्ट साधी. सीआयएतून निवृत्त झालेला, घटस्फोटित ब्रायन मिल्स. त्याची सतरा वर्षांची मुलगी किम मैत्रिणीबरोबर पॅरिसला जाते, दोघींना पळवून नेतात आणि बाप शहर पालथं घालतो.

ब्रायन पळवणाऱ्यांना फोनवर देतो ती धमकी सगळ्यांना पाठ असते. मी मात्र वाढदिवसाच्या प्रसंगात घरातल्या पुरुषांची तोंडं बघतो. किमला लहानपणी गायिका व्हायचं होतं, म्हणून ब्रायनने कराओके मशीन आणलंय. माहितीपुस्तिका वाचून, पारखून घेतलेलं, स्वतः कागदात गुंडाळलेलं. तिलाही ते आवडतं. तेवढ्यात श्रीमंत सावत्र बाप चक्क घोडा आणवतो. पोरगी घोड्याकडे धावते, मशीन तिथेच, बाप तिथेच. पुढची सगळी हाणामारी याच अपमानावर चालते. नंतर तो "एकटी पाठवू नका" म्हणतो, तेव्हा घरचे त्याला वेड्यात काढतात, आणि शेवटी त्याचंच खरं होतं. "तरी मी सांगत होतो!" हे वाक्य आपल्याकडच्या किती बापांच्या घशात अडकलेलं असतं! इथे ते दीड तास गोळ्या झाडत फिरतं.

अडीच कोटी डॉलरच्या आसपास खर्चाच्या या फ्रेंच निर्मितीने जगभरात बावीस कोटींवर कमावले ते उगाच नाही. ब्रायन झालेल्या लियम नीसनला स्वतःला वाटत होतं की हा थिएटर न बघता थेट डीव्हीडीवर जाईल. पुढे त्यानेच एका मुलाखतीत टेक्सासच्या एका शिक्षिकेच्या पत्राची गोष्ट सांगितली: पालकांनी 'टेकन' पाहिला आणि तिच्या वर्गाची युरोपची सहल रद्द झाली. प्रेक्षकाची याहून सच्ची प्रतिक्रिया कुठली असणार? (मुलांना कोणी विचारलं होतं का, देव जाणे.)

आता सोफ्याचं दुसरं टोक. सिनेमा संपला की बाबा खुशीत असतात आणि पोरगी विचारते, "पण अमांडाचं काय?" अमांडा म्हणजे किमची ती मैत्रीण. ती मधेच मेलेली सापडते. ब्रायनला तिथे थांबायला वेळ नसतो हे समजू शकतं, पण शेवटी विमानतळावर सगळे हसत, मिठ्या मारत भेटतात तेव्हाही तिचं नाव कोणी काढत नाही. तिला आईबाप नव्हते का? पटकथेने तिला बिनधास्त, पोरांच्या मागे लागणारी दाखवलंय आणि किमला निरागस. कोण वाचणार हे तिथेच ठरतं. चौदा वर्षांच्या मुलीला हा हिशेब लगेच कळतो. बापाला बहुधा कळत नाही, कारण त्याची सापडलेली असते.

म्हणून माझं उत्तर असं: बघा, पण लगेच पुढचा भागही लावा. 'टेकन २', २०१२चा. समीक्षकांनी तो झोडपला आणि पटकथेपुरतं ते बरोबरच होतं. पण त्यात इस्तंबूलमध्ये आईबाप पकडले जातात आणि किम बाहेर असते. बाप लपवलेल्या फोनवरून सांगतो, ती नकाशावर बुटाच्या नाडीने वर्तुळ आखते, गच्च्यांवरून पळत हातबाँब फेकते. आवाज पोचायला किती सेकंद लागले ते मोजून तो अंतर काढतो. अशक्य, हास्यास्पद वगैरे सगळं मान्य. पण मुलींच्या घोळक्यात मी शिट्टी ऐकली ती याच प्रसंगाला.