डीव्हीडीवरची सबटायटल्स ‘येत नाहीत’ असं कुणी सांगितलं तर

“मॅडम, डीव्हीडीतून सबटायटल्स येत नाहीत. ती डिस्कवर नसतातच, प्लेअर दाखवतो.” डीव्हीडीच्या फाइली करून देणाऱ्या एका दुकानदाराने मला हे ठासून सांगितलं. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

डिस्क आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या एकांकिकांची. परदेशात वाढणाऱ्या नातवंडांना कळाव्यात म्हणून इंग्रजी सबटायटल्स घातली होती आणि ती मी लिहिली होती. मालवणीतला एकेक टोमणा दोन ओळींत बसवताना जीव मेटाकुटीला आला होता. ज्या कॉम्प्युटरवर डिस्क तयार झाली तो केव्हाच भंगारात गेला, मूळ मजकूरही त्याच्याबरोबर गेला. म्हणजे ते सगळं काम आता फक्त त्या डिस्कवर उरलं होतं.

दुकानातून आलेल्या एमपी४ फाइलींत चित्र नीट, आवाज नीट, पण खाली एक अक्षर नाही. तिथेच लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये डिस्क लावून, कीबोर्डवरचं व्ही दाबून मी त्याला सबटायटल्स दाखवली. तरी म्हणणं तेच. पैसे दिले, डिस्क घेऊन घरी आले.

हे असं का होतं ते कळलं की अर्धं काम झालं. डीव्हीडीवरची सबटायटल्स म्हणजे मजकूर नाही, ती चित्रं असतात. प्रत्येक ओळीचं एक छोटं चित्र, त्यात जास्तीत जास्त चार रंग, आणि ते कधी दाखवायचं नि कधी काढायचं याची वेळ. अशा चित्रांची एक अख्खी मालिका म्हणजे एक ट्रॅक, आणि एका डिस्कवर असे जास्तीत जास्त ३२ ट्रॅक बसतात. ही चित्रं डिस्कवरच्या व्हीओबी फाइलींत (व्हिडिओ आणि आवाजही त्यांतच) असतात, पण त्यांचे खरे रंग कोणते ते शेजारच्या आयएफओ नावाच्या छोट्या माहिती-फाइलीत लिहिलेलं असतं. म्हणून डिस्कवरच्या ‘व्हिडिओ टीएस’ नावाच्या फोल्डरमधल्या नुसत्या मोठ्या मोठ्या व्हीओबी उचलून रूपांतर करू नका. रंग हरवतात, कधी अक्षर काळ्यावर काळं येतं. अख्खं फोल्डर घ्या.

आता अडकतं ते इथे. एमपी४ला खरा मजकूर चालतो, ही चित्रं सहसा पचत नाहीत. एखाद्या प्रोग्रॅमने ती आत घातली तरी बहुतेक टीव्ही आणि फोन दाखवत नाहीत. रूपांतराचे बरेच प्रोग्रॅम काहीही न सांगता ती गाळून टाकतात. काही प्रोग्रॅम भाषा बघून ट्रॅक निवडतात, आणि घरगुती डिस्कवर भाषेची नोंदच कोरी असते, त्यामुळे तो ट्रॅक निवडलाच जात नाही. एफएफएमपेग हा रूपांतराचा मोफत प्रोग्रॅम वापरणाऱ्यांना आणखी एक खोच: तो फाइलीचा सुरुवातीचा थोडा भागच तपासतो. आमच्या एकांकिकेत पडदा उघडायच्या आधी लांबलचक संगीत आहे, पहिला संवाद बराच उशिरा येतो. तोवर सबटायटल दिसलं नाही की त्याच्या लेखी डिस्कवर सबटायटलच नाही! किती भाग आणि किती वेळ तपासायचा ते ठरवणारे प्रोबसाइझ आणि अ‍ॅनलाइझड्युरेशन हे त्यातले दोन्ही आकडे वाढवले की तोच ट्रॅक यादीत येतो. दुकानदाराच्या प्रोग्रॅमनेही त्याला “सबटायटल नाही” असंच दाखवलं असेल. पण डोळ्यांनी स्क्रीनवर दिसत असताना ते नाहीच म्हणून सांगायचं?

मार्ग साधा आहे. आधी एमकेव्ही करायचं, म्हणजे एमपी४सारखाच व्हिडिओ फाइलीचा दुसरा प्रकार. एमकेव्हीत ही चित्रं जशीच्या तशी राहतात. मी मेकएमकेव्ही हा प्रोग्रॅम वापरला. त्यात नाटकाच्या नावापुढचा बाण उघडून सबटायटलच्या ओळीवर खूण आहे ना ते बघायचं, बस. व्हिडिओ पुन्हा कॉम्प्रेस होत नाही, त्यामुळे दर्जा डिस्कचाच राहतो, फाइल मात्र मोठी होते. बाहेरून लावायचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह शेजाऱ्यांकडून आणला होता. डिस्कवर धूळ किंवा डाग असतील तर मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको.

लॅपटॉपवर सबटायटल्स दिसली तेव्हा मोठ्याने हाक मारून घरातल्यांना गोळा केलं. पण जर्मनीतल्या आमच्या सदस्याच्या सुनेला फाइल पाठवली, तर तिच्या टीव्हीवर परत काहीच नाही. टीव्हीला चित्रांची सबटायटल्स वाचता येत नव्हती.

इथे दोन वाटा. एक, हँडब्रेक या रूपांतराच्या प्रोग्रॅममध्ये ‘बर्न इन’ करून अक्षरं कायमची चित्रावर छापायची. कुठल्याही टीव्हीवर दिसतात, पण बंद करता येत नाहीत आणि एकच भाषा छापता येते. आमच्या आजी-आजोबांना नाटकावर इंग्रजी नको होतं. म्हणून दुसरी वाट घेतली: सबटायटल एडिट या मोफत प्रोग्रॅममध्ये चित्रांवरून अक्षरं ओळखून घ्यायची आणि एसआरटी फाइल, म्हणजे वेळांसकट साध्या मजकुराची सबटायटल फाइल करायची.

याला वेळ लागतो, चिकाटी लागते. आमच्या सबटायटलमध्ये पांढऱ्या अक्षरांना जाड काळी कड होती, ती अक्षराचाच भाग समजून प्रोग्रॅम भलतंच वाचत होता. रंग स्वतः ठरवायची सोय तिथेच आहे. कड पारदर्शक केली आणि फरक लगेच दिसला. तरी कॅपिटल आय आणि स्मॉल एल यांची अदलाबदल ठरलेली. ‘आर’ला चिकटून ‘एन’ आला की ‘एम’. आणि मी मुद्दाम तसेच ठेवलेले ‘वयनी’, ‘भावोजी’, ‘गो’ हे शब्द त्याला चुकीचे वाटायचे. ‘गो’चं तर जिथे तिथे दुसरंच काहीतरी करायचा. असे शब्द शब्दसंग्रहात घालून ठेवा, तेच तेच परत दुरुस्त करावं लागत नाही. मूळ चित्र वर आणि वाचलेली ओळ खाली दिसते, त्यामुळे ताडून बघणं सोपं जातं. मी प्रत्येक ओळ बघितली. माझीच वाक्यं, एकही स्वल्पविराम सोडला नाही, आणि त्याचा मला अभिमान आहे.

तुमची सबटायटल्स देवनागरीत असतील तर टेसरॅक्टचा (अक्षरं ओळखण्याचं काम करणारा प्रोग्रॅम) मराठी डेटा वेगळा उतरवून घ्यावा लागतो. आपल्याकडच्या पॅल (इथली टीव्ही पद्धत) डिस्कवर चित्र ७२० बाय ५७६चं, त्यात अनुस्वार आणि रफार ठिपक्याएवढे असतात. तपासणी जास्त धरून चाला.

एसआरटी जतन करताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, युटीएफ-८च निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा भलतीच अक्षरं येतात. व्हिडिओला आणि एसआरटीला एकच नाव देऊन एकाच फोल्डरमध्ये ठेवली की बहुतेक टीव्ही ती आपोआप उचलतात. शिवाय एमकेव्हीटूलनिक्स या प्रोग्रॅमने ती एमकेव्हीच्या आतही घातली, भाषा इंग्रजी अशी नोंदवली, आणि मूळ चित्रांचा ट्रॅकही तसाच राहू दिला.

हो, फाइल लहान करायची असेल तर हँडब्रेकमध्ये डीइंटरलेस चालू करा. रंगमंचावर कुणी भरभर चाललं की कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात, ते जातात. आणि हे सगळं एमकेव्ही बाजूला जपून ठेवल्यावरच करा.

दुकानात काम द्यायचंच असेल तर आधी विचारा, “एमकेव्ही देणार का, आणि सबटायटलचा ट्रॅक वेगळा ठेवणार का?” पैसे द्यायच्या आधी तिथेच फाइल लावून बघा, सुरुवातीला, मध्ये आणि अगदी शेवटी, कारण तुकडे जोडताना वेळ पुढे-मागे सरकते. पेनड्राइव्हचं फॉरमॅट फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यात बसत नाही; तो आधी एक्सफॅट या फॉरमॅटचा करून घ्या, आणि टीव्हीला एक्सफॅट चालतं का तेही बघून ठेवा.